झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल, उभं राहिलं की धडधड

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे, घणसोलीला राहते आणि ठाण्यात एका मराठी शाळेत शिकवते. चारेक महिन्यांपूर्वी व्हायरल ताप आला, आठ-दहा दिवस अंथरुणात होते. ताप गेला, पण तेव्हापासून उभी राहिले की छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळतात. सकाळी जास्त. परिपाठाला मुलांपुढे उभं राहणं नको वाटतं. लोकलमध्ये उभ्यानं आले की ठाण्याला उतरून बाकावर बसावं लागतं. आडवी झाले की दहा मिनिटांत बरं वाटतं. नवऱ्यानं हातातलं स्मार्टवॉच घेऊन दिलं, त्यात झोपलेली असताना सत्तरच्या आसपास ठोके दिसतात आणि ओट्याशी उभी असताना १२५-१३०. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड नॉर्मल. हिमोग्लोबिन १०.१ आलं, पण बायकांचं एवढं असतंच म्हणाले. आमचे डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात, आजकालच्या मुलींना उभ्यानं काम करायची सवयच राहिली नाही. शाळेतल्या मैत्रिणीनं तिची ठोके कमी करायची गोळी देऊ केली आहे. नेटवर वाचून मला पॉट्स असावं असं वाटतंय. मीठ जास्त खा असं सगळीकडे लिहिलंय, खाऊ का? आणि आम्ही बाळाचा विचार करत होतो, तो आता सोडून द्यावा का?

उत्तर : तुमचा ईसीजी झोपवून काढला. इको कुशीवर वळवून केला. बीपी बहुतेक खुर्चीत बसवून घेतलं असणार. त्रास मात्र उभं राहिल्यावर होतो, आणि उभं करून तुम्हाला कुणी तपासल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. ते रिपोर्ट वाया गेले असं मुळीच नाही. हृदयाची रचना, झडपा आणि पंपिंग ठीक आहे एवढं त्यांनी सांगितलंय, त्याबाबत निर्धास्त राहा. उरलेला अर्धा प्रश्न अजून कुणी हातात घेतलेला नाही.

माणूस आडव्याचा उभा झाला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब ओळखणारी नसांची टोकं असतात, त्यांना हे लगेच कळतं. काही सेकंदांत खालच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ठोके दहा-वीसनं वाढतात आणि काम भागतं. आपल्याला पत्ताही लागत नाही. काहींच्या रक्तवाहिन्या पुरेशा आवळत नाहीत, काहींच्या अंगात एकूण रक्तच कमी असतं, काहींमध्ये ॲड्रिनलिनच्या जातीची रसायनं गरजेपेक्षा जास्त सुटतात. बऱ्याचदा हे सगळंच थोडं थोडं असतं. मग हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं आणि ते ठोके वाढवून भरपाई करायला बघतं. सोसायटीची टाकी अर्धीच भरलेली असली की वरच्या मजल्यासाठी बूस्टर पंप सारखा चालू राहतो ना, तसं. पंप बिघडलेला नसतो.

याच अवस्थेला पोश्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोम म्हणतात, म्हणजे तुम्ही वाचलेलं पॉट्स. हे नाव रूढ झालं १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांमुळे. तक्रार त्याहून कितीतरी जुनी आहे. १८७१ मध्ये दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड, चक्कर आणि थकवा लिहून ठेवला, आणि त्यातलं पुष्कळसं आजच्या पॉट्सशी जुळतं. तेव्हा सासूबाईंना सांगायला हरकत नाही की या दुखण्याच्या जुन्या नोंदी आजकालच्या मुलींच्या नाहीत, बंदूक खांद्यावर घेऊन चालणाऱ्या पुरुषांच्या आहेत. अर्थात आज हे जास्त करून बायकांमध्येच आढळतं, तेही तरुण वयात, आणि पुष्कळदा एखाद्या विषाणूच्या तापानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर सुरू होतं. कोविडनंतर डॉक्टरांनाही हे नाव जास्त ऐकू येऊ लागलं.

आता निकष. उभं राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत ठोके किमान ३० नं वाढायला हवेत आणि वाढलेले राहायला हवेत. १२ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी हा आकडा ४० आहे, कारण त्या वयात ठोके एरवीही जास्त वाढतात. त्याच वेळी बीपी घसरायला नको. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर तो वेगळा आजार. त्रास तीन महिन्यांहून जुना हवा. आणि ठोके वाढवणारं दुसरं कारण सापडायला नको. या शेवटच्या अटीवरून नेटवरचे लेख भराभर पुढे जातात. तुम्ही नेमक्या तिथेच अडकता, कारण तुमचं हिमोग्लोबिन १०.१ आहे.

बायकांचं एवढं असतं, हे खरंच आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. पण निम्म्या गावाचं छप्पर गळतं म्हणून पावसात भिजणं कुणी नॉर्मल म्हणत नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया, आणि ११ च्या खाली गेलं की मध्यम ॲनिमिया. तुमचा मध्यम आहे. रक्तात प्राणवायू वाहून नेणारा माल कमी असला की हृदय जोरात धावतंच, उभं राहिल्यावर जास्तच. उभ्यानं होणाऱ्या धडधडीची अर्धी गोष्ट इथेच संपू शकते. संपेलच असं नाही. ॲनिमिया आणि पॉट्स एकाच अंगात नांदू शकतात आणि पहिला दुसऱ्याला चेव आणतो. पण ॲनिमिया भरून निघेपर्यंत पॉट्सचा शिक्का मारायची घाई मी करणार नाही, तुम्हीही करू नका.

त्यासाठी पूर्ण सीबीसी, फेरिटिन आणि बी-१२ करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. लाल पेशी आकारानं लहान आहेत पण लोह पुरेसं आहे असं निघालं, तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस करायला सांगतील, त्यात थॅलेसेमिया मायनर कळतो, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्तदोषाचा सौम्य प्रकार. तुम्ही बाळाचा विचार करताय म्हणून ही तपासणी तुमच्यासाठी जास्तच महत्त्वाची: तुम्ही आणि तुमचे यजमान दोघंही मायनर असलात, तर मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याच दोषाचा गंभीर प्रकार असण्याचा धोका दर गरोदरपणात चारांत एक असतो. कळव्याच्या किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयाच्या ओपीडीतून सुरुवात केलीत तरी चालेल, त्यासाठी महागडं पॅकेज घ्यायला नको.

पाळीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. सात दिवसांहून जास्त जाते का, तास-दोन तासांत पॅड भिजतं का, गाठी पडतात का? तसं असेल तर खड्डा तिथेच आहे. आधी तो बुजवायला हवा, नाहीतर गोळ्या नुसत्या ओतत राहाल. लोहाची गोळी सुरू झाली की चहाच्या आगेमागे तासभर घेऊ नका, लिंबू-पाण्याबरोबर घ्या. शौचाला काळी होईल, ते गोळीमुळे असतं. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक-दोननं वर यायला हवं. नाही आलं तर गोळी पचत नाही, पोटात पोचत नाही किंवा कारण वेगळं आहे. आकडा १२ वर गेला म्हणून गोळी थांबवायची नाही, साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. निम्म्या बायका इथेच सोडून देतात असं माझं मत आहे.

हे चालू असताना घरी एक तपासणी करता येते, आणि तुमच्या सगळ्या फायलीत नसलेला कागद तीच देईल. सकाळी चहाच्या आधी, दंडाला लावायचं डिजिटल बीपी मशीन घेऊन दहा मिनिटं शांत आडव्या पडा. बीपी आणि ठोके लिहा. मग उठून भिंतीला खांदे टेकवून उभ्या राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या मिनिटाला दोन्ही आकडे आणि शेजारी काय वाटतंय ते लिहायचं: डोकं हलकं, हात थरथरले, पाय जांभळट झाले, जे असेल ते. हे एकटीनं करू नका. नजरेपुढे काळं व्हायला लागलं तर दहा मिनिटं पुरी करायचा हट्ट नको, तिथेच आडवं व्हायचं. एका दिवसावर जाऊ नका, दोन-तीन वेगवेगळ्या सकाळी करा.

माझं ऐकाल तर आकडे लिहायचं काम सासूबाईंकडे द्या. वहीत त्यांच्याच अक्षरात ‘झोपून ७४, दहाव्या मिनिटाला ११८’ असं आलं, की सवयीचा मुद्दा वेगळा काढून बोलायची गरज उरत नाही. शिवाय चक्कर आली तर पकडायला माणूस जवळ असतं.

घड्याळाचे आकडे सोबत दाखवा, पण त्यांच्यावर विसंबू नका. पोळ्या लाटताना, दात घासताना मनगट हलतं आणि ही घड्याळं चुकीचे ठोके दाखवतात. आणि दिवसभर त्यात बघत बसायचं बंद करा. १२८ दिसलं की भीती वाटते, भीतीनं १४० होतात, मग खरंच टेन्शनची धडधड सुरू होते आणि कुठली कुठली ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

टेन्शनबद्दल तुमच्या डॉक्टरांवर एकदम चिडू नका. घबराटीतही असंच धडधडतं आणि ते रोज तशीच माणसं बघत असतात. फरक पत्रात तुम्ही स्वतःच लिहिलाय: उभं राहिलं की सुरू, आडवं झालं की बंद, रोज, सकाळी जास्त. घबराट अशी अंगाची स्थिती बघून येत-जात नाही. पॉट्सच्या रुग्णांना आधी मानसिक त्रासाचं लेबल लागणं जगभर चालतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ४,८०० हून जास्त रुग्ण होते, त्यातल्या ९४ टक्के बायका, आणि निदान व्हायला अनेकांची वर्षं गेली होती.

वही घेऊन आधी एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. ते स्वतः झोपवून-उभं करून तपासतील, कदाचित चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद करणारं अंगावर बाळगायचं छोटं यंत्र, लावतील. होल्टरमध्ये बघायचं ते असं की ठोके उठल्यावर हळूहळू चढतात, की बटण दाबल्यासारखे एकदम १६०-१८० वर जाऊन एकदम खाली येतात. दुसरा प्रकार हृदयाच्या विजेतल्या दोषाचा असतो, तो बसल्या-झोपल्याही येतो आणि त्याचा इलाज निराळा आहे. गरज वाटली तर मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात टिल्ट टेबल टेस्ट सांगतील. त्यात पट्ट्यांनी बांधून टेबल ६० ते ७० अंशांत उभं करतात आणि बीपी, ठोके सलग बघतात. भिंतीपाशी नीट केलेल्या तपासणीत चित्र स्पष्ट दिसलं तर दर वेळी ती लागतेच असं नाही.

या सगळ्याची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचे प्रसंग वेगळे: पळताना किंवा जिना चढता चढता शुद्ध गेली, झोपलेली असताना धडधड होऊन चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलेलं आहे. आणि पाळी चुकली असेल तर सगळ्यात आधी गरोदरपणाची चाचणी करा. सुरुवातीच्या आठवड्यांतही ठोके वाढतात.

आता रोजचं. तुम्ही दिवसात पाणी किती पिता? शिक्षिकांना हे मी मुद्दाम विचारते, कारण शाळेतलं स्वच्छतागृह आणि स्टेशनवरचं स्वच्छतागृह या दोन्हींच्या धास्तीनं कितीतरी जणी सकाळपासून दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढतात. वर एखादा सोमवार नाहीतर गुरुवार, नुसता चहा आणि थोडी साबुदाण्याची खिचडी. रक्ताचं आकारमान असंच घटतं. अंथरुणातून उठण्याआधी अर्धा लिटर पाणी पाच मिनिटांत प्या. त्याचा आधार पुढचा तासभर मिळतो, म्हणजे आवरून घणसोली स्टेशनला पोचेपर्यंत. दिवसाचं मिळून दोन-अडीच लिटर होऊ द्या. बरं वाटेपर्यंत उपास सोडा, देव समजून घेईल.

उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं. आंघोळीला कडकडीत पाणी नको, गरम पाण्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात. एकदम भरपेट जेवलं तरी रक्त पोटाकडे जातं, म्हणून डबा दोन भागांत खा. एका जागी ताटकळणं हे चालण्यापेक्षा वाईट, कारण चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. त्यामुळे परिपाठ तुम्हाला वर्गापेक्षा जड जातो यात नवल नाही. मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी देऊन तेवढ्या वेळापुरती खुर्ची मागा आणि वर्गात एक उंच स्टूल. उभं राहावंच लागलं तर पायांची कैची करून मांड्या आवळा, टाचा वरखाली करा. लोकलमध्ये हेच. अंधारी आली तर लाज न बाळगता सरळ डब्यात खाली बसा. लेडीज डब्यात भांडणं कितीही होवोत, चक्कर येणाऱ्या बाईला जागा मिळते. आणि शाळेची वेळ जमत असेल तर गर्दीच्या आधीची गाडी पकडा.

दाबाचे मोजे तुम्ही वाचले असतीलच. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा फारसा उपयोग होत नाही, कमरेपर्यंतचे लागतात, आणि मे महिन्यात घणसोलीत ते घालून दाखवणारी बाई मला अजून भेटायची आहे. त्यापेक्षा बाळंतपणानंतर बांधतात तसला पोटाचा पट्टा बघा, रक्ताचा मोठा साठा पोटातच होत असतो. उभं राहायच्या वेळेपुरता बांधायचा, बसलं की सैल करायचा.

मिठाचं थांबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी माणसानं दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ खावं. पॉट्स पक्कं झालेल्यांना डॉक्टर त्याच्या दुप्पटही सांगतात, पण बीपी आणि किडनी नीट आहे हे बघून. तुमचं निदान व्हायचंय, तेव्हा आत्ता डबाभर मीठ नको. दुपारी मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, कधी पेज, एवढं चालेल. पुढे डॉक्टरांनी वाढवायला सांगितलं तर ते तुमच्या ताटात वरून घ्या, घरच्या आमटीत नको. घरात बीपीची गोळी खाणारं कुणीतरी असतंच. ओआरएस घ्यायचं झालं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी लिटरभर पाण्यात, मेडिकलमध्ये शेजारीच ठेवलेली फळांच्या चवीची गोड पेयं नाहीत.

मैत्रिणीची गोळी परत करा. ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल असेल. पॉट्समध्ये ती लहान मात्रेत देतातही, पण दमा असणाऱ्याला ती धोक्याची ठरू शकते, आणि ॲनिमियामुळे पळणाऱ्या हृदयाचे ठोके नुसते दाबले तर तुम्हाला आणखी गळाल्यासारखं होईल. शिवाय गोळी घेऊन भिंतीपाशी उभ्या राहिलात तर वहीतले आकडे निरुपयोगी. आयव्हाब्रॅडिन, मिडोड्रिन, फ्लुड्रोकॉर्टिसोन अशी इतरही औषधं आहेत. पाणी, मीठ, व्यायाम यांनी भागलं नाही की डॉक्टर त्यातलं एखादं निवडतात.

व्यायाम म्हणाल तर चालायला जाऊ नका असं मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतेय. सुरुवात आडव्यानं करा: पाठीवर पडून सायकल चालवल्यासारखे पाय, पूल (गुडघे दुमडून कंबर वर उचलणं), पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे व्यायाम, दिवसाआड पंधरा-वीस मिनिटं. पोहता येत असेल तर उत्तम, पाण्याचा दाबच पायांना मोज्यासारखा बसतो. पहिले काही आठवडे थकवा वाढल्यासारखा वाटेल. उभ्यानं चालणं, जिने हे महिन्या-दोन महिन्यांनी. दिवसभर पलंगावर पडून राहणं मात्र टाळा, तापातल्या त्या आठ-दहा दिवसांनीही तुमच्या हृदयाची सवय थोडी मोडली असणार आणि पडून राहिल्यानं ती आणखी मोडते.

बाळाचा विचार सोडायचं काहीच कारण मला दिसत नाही. पॉट्स निघालं तरी त्यानं जीव जात नाही, बरेच जण काही वर्षांत पुष्कळ सुधारतात, आणि पॉट्स असलेल्या बायकांना मुलं होतात. गरोदरपणात काहींचा त्रास कमी होतो, काहींचा वाढतो. क्रम फक्त बदला. आधी हिमोग्लोबिन १२ च्या वर आणि थॅलेसेमियाचं उत्तर, मग चान्स. तोवर कुठलंही औषध लिहून घेताना ‘आम्ही बाळाचं बघतोय’ हे आपणहून सांगा; आयव्हाब्रॅडिनसारखं औषध गरोदरपणात चालत नाही. लोहाच्या गोळीबरोबर फॉलिक ॲसिड कधीपासून घ्यायचं तेही त्याच भेटीत विचारून घ्या, ते दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू झालेलं बरं.